याकोबअप्पांचा अबोला

याकोबअप्पांचा देवाशी अबोला होता. त्यांना नास्तिक म्हणायची सोय नव्हती, कारण देव आहे याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त खात्री होती. आणि मी तर कमठाण्याच्या मिशन शाळेचा मास्तर, रविवारची उपासनाही चालवणारा. नसलेल्या माणसाशी कुणी बोलणं सोडतं का, असा त्यांचा रोकडा सवाल असे.

अप्पा गवंडी. आमच्या प्रार्थनामंदिराच्या लाल जांभ्याच्या भिंती त्यांनीच उभ्या केल्या होत्या. पण आत पाऊल टाकत नसत. दर रविवारी धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल आणि दाराबाहेरच्या दगडावर बैठक.

आमच्या मुलखात साडू-साडूंचं बिनसलं की एका पंगतीत बसूनही तिसऱ्याकरवी निरोप चालतात. अप्पांनी हाच रिवाज देवाला लावला होता. मी दारात पोचलो की निरोप तयार असे. "त्याला सांगा, तुरीवर अळी पडलीय." "त्याला सांगा, पाटलाची आजारी म्हैस उठली, आता तिच्यासाठी इनवण्या पुरं." मी म्हणजे देवाच्या कचेरीतला पेशकार. अर्जी पुढं ठेवायची, वशिला लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी काही मागितलं नाही.

जेवायला बोलावलं तर मी प्रार्थना करेपर्यंत ते ओसरीवर जाऊन उभे राहत आणि 'आमेन' ऐकू आलं की परत येत. एकदा मी मुद्दामच आमेन म्हटलं नाही. अप्पा बाहेर, भाकरी गार. शेवटी आमच्या मंडळींनीच आमेन म्हटलं आणि नंतर मला चांगलं फैलावर घेतलं.

अबोल्याचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांची रूथ सात वर्षांची असताना तापाने फणफणली. तिची आई आधीच गेलेली. अप्पा तीन दिवस प्रार्थनामंदिरात गुडघे टेकून होते. चौथ्या दिवशी मुलगी गेली, अप्पा बाहेर आले ते आलेच.

उपासना संपली की ते विचारत, "काय म्हणला?" मी उपदेशाचं सार सांगे. ते मान हलवत आणि जरा थांबून म्हणत, "बाकी काही?" त्यांना उपदेश अपुरा वाटतो, असा मी अर्थ काढला. आपल्या उपदेशांचा मला भारी अभिमान, म्हणून ते लांबवत नेले. लोक आत पेंगू लागले, पण अप्पांचं "बाकी काही?" संपेना. अशी नऊ वर्षं गेली.

मग माझी आळंदला बदली झाली. शेवटच्या रविवारी अप्पांनी देवासाठी निरोपच दिला नाही. मंडळी पांगल्यावर मी ऐटीत म्हणालो, की आता पेशकार चालला, तुम्हीच बोला.

"मी कामून आधी बोलू?" अप्पा म्हणाले. "लेक माझी गेलीय, मास्तर. मयताच्या घरी समोरच्यानं यायचं असतंय. नऊ वर्सं झाली तुम्हाला इचारायलोय, बाकी काही म्हणला का. माझं नावबी काढलं न्हाई त्यानं."

मला माझी लाज वाटली. बायबलातल्या, हरवलेल्या मेंढरामागे जाणाऱ्या मेंढपाळावर मी त्याच दाराआड कितीदा घसा कोरडा केला होता. ते मेंढरू दाराबाहेर बसलंय, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"अप्पा," मी म्हणालो, "तो दर रविवारी तुमचंच विचारतो."

अप्पा दगडावरून उठले. "मग इतक्या वर्सांत सांगितलं कामून न्हाई?"

त्यांनी वहाणा काढल्या, आपणच रचलेल्या भिंतीला हात लावला आणि आत गेले. मी त्यांच्या दगडावर टेकलो. मग आतून अप्पांचा घोगरा आवाज आला.

"मी याकोब. रूथचा बाप."

पुढचं बोलणं त्या दोघांचं होतं. मी उठलो आणि घरी सामान बांधायला गेलो.