पातेल्याचा पंचनामा

"अहो, दुधाकडे लक्ष ठेवा," असं सांगून बायको कामावर गेली. प्राध्यापक "हो" म्हणाले. ते तोंडानं म्हणाले, कानांना त्याचा पत्ता नव्हता.

अकरा वाजता त्यांची ऑनलाइन मुलाखत होती. पर्यावरण कायद्यात वीस वर्षं घासूनही विभागप्रमुखपद दोनदा हुकलं होतं, आणि दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर : "तुम्ही सरकारला लिहून दिलेला धुराचा नियम आजवर कुठे लागू झालाय का?" तो कुठेच झाला नव्हता. वय बघता ही शेवटची संधी होती. नेट फक्त स्वयंपाकघरात नीट मिळायचं, म्हणून लॅपटॉप ओट्यावर मांडून ते कोट घालायला आत गेले. टायची गाठ मनासारखी बसेपर्यंत दूध उतू गेलं, आटलं, करपलं, आणि काळा धूर वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या घरात शिरला.

फोनवरून धुराची तक्रार कशी करायची, हे आजोबांना मागच्याच महिन्यात प्राध्यापकांनी जिन्यात उभं राहून शिकवलं होतं. शिष्य हुशार निघाला. पावणेअकराला प्रदूषण मंडळाच्या निरीक्षकबाई दारात हजर.

"गॅस बंद केलाय मी. दूध होतं," प्राध्यापक म्हणाले.

"बरं केलंत. आता कशाला हात लावू नका. धुराचा नियम, कलम चार. पंचनामा होईपर्यंत जागेवरची वस्तू हलवायची नाही."

"माझा लॅपटॉप आहे तिथे."

"तीही वस्तूच."

"अहो बाई, हा नियम कारखान्यांसाठी आहे."

"तसं लिहिलेलं नाही. 'कोणतेही ठिकाण' असं आहे."

"मीच लिहिलंय ते."

"मग तुम्हाला तर माहीतच असणार," असं म्हणून बाईंनी टेप काढला.

कारखान्यांच्या वकिलांना पळवाट सापडू नये म्हणून ते दोन शब्द प्राध्यापकांनी भांडून घातले होते. पळवाट खरंच नव्हती. शेवटी बाईंनाच दया आली. लॅपटॉप न हलवता समोर उभं राहून बोलायची परवानगी मिळाली. अकराला पडद्यावर समितीचे पाच चेहरे उमटले आणि समितीला कोट, टाय, आणि मागे पातेल्याचा व्यास मोजणाऱ्या बाई दिसल्या.

अध्यक्षांनी तोच प्रश्न विचारला. दोनदा प्राध्यापक इथेच "तत्त्वतः" म्हणून गडगडले होते. या वेळी ते बाजूला सरकले आणि त्यांनी बाईंकडे बोट दाखवलं.

"पहिलीच केस आहे साहेब," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तक्रारीपासून वीस मिनिटांत आलेय. नियम चांगलाय, कोणालाच सोडत नाही."

समिती बराच वेळ हसली. मग अध्यक्ष म्हणाले, "स्वतःलाही न सोडणारा कायदा लिहिणारे तुम्ही पहिलेच. अभिनंदन."

संध्याकाळी बायको आली. बातमी ऐकून तिचे डोळे भरून आले. मग ओट्याकडे लक्ष गेलं.

"आणि हे पातेलं?"

"पुरावा होता तो," प्राध्यापक नव्या पदाच्या रुबाबात म्हणाले.

"पंचनामा झाला ना?"

"झाला."

"मग तुमच्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण. ज्यानं घाण केली, त्यानंच ती साफ करायची," बायको म्हणाली. "तीनदा टाईप केलंय मी ते."

विभागप्रमुखांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि घासणी कुठे असते ते विचारलं.