दारातला चोथा

"माझ्या दुकानातून आजवर एकही माणूस दुखणं घेऊन बाहेर पडलेला नाही," हाडवैद्य क्वोक मास्तर म्हणाले आणि त्यांनी कोळंबीचं शेवटचं डंपलिंग तोंडात टाकलं.

चीनमधल्या फोशानच्या त्या चहाखान्यात रोज सकाळी हेच ऐकून लाव शिंप्याचे कान किटले होते. "आज कोणाची हाडं मोडताय?"

"आज ताम बाईंचा खांदा. किती महिने झाले, हात वर जात नाही. जागेवर सोडवतो."

ताम बाई म्हणजे मास्तरांच्या मुलीची, चिटिंगची, होणारी सासू. होणारी, अजून झालेली नव्हती. जन्मभर शाळेत कवायत घेतलेली बाई. हाडवैद्य तेवढे भोंदू, असं त्यांचं ठाम मत. पोराच्या हट्टापायी त्या यायला तयार झाल्या होत्या, पण निरोप रोखठोक होता: "खांदा सुटला तर लग्न. नाही सुटला तर मुलगा माझ्या घरी, मुलगी तुमच्या घरी."

मास्तर गल्लीत वळले ते आपल्याच दुकानाच्या पाटीकडे कौतुकानं बघत. त्यामुळे दारासमोर पसरलेला ओला चोथा त्यांना दिसला नाही. पाय सर्रकन पुढे गेला आणि मास्तर धपकन खाली बसले. कमरेत काहीतरी कट् म्हणालं.

"अगं, हे काय टाकलंयस इथं?"

मास्तरांची बायको म्युईफान दारात आली. "काढ्याचा चोथा. हिक्. कोणी तुडवला की उचकी त्याच्याबरोबर जाते. पण सगळ्या गल्लीला ठाऊक ना, मेले पलीकडच्या भिंतीला चिकटून जातात. हिक्."

"मग मी तुडवला की. गेली का?"

"तुम्ही कुठे तुडवलात? तुम्ही त्यावर बसलात. पाय नीट दाबून पडावा लागतो, घसरून नाही. हिक्."

चिटिंगनं बापाला धरून उठवलं. म्हणजे पाय उठले. कंबर काटकोनातच राहिली. दुनियेच्या कमरा सरळ करणाऱ्या मास्तरांचे हात स्वतःच्या कमरेपर्यंत पोचेनात.

"बाबा, पुढच्या गल्लीतल्या आऊ वैद्यांना बोलावू?"

"मी मेल्यावर बोलव. खांदा द्यायला."

एवढ्यात दारात ताम बाईंचे बूट आले. चोथ्याला वळसा घालून आले, हेही मास्तरांनी पाहिलं, कारण बुटांपलीकडचं त्यांना काही दिसतच नव्हतं.

"अहो मास्तर," वरून आवाज आला, "इतकं वाकायला मी काय मेलेय? आमच्या सासऱ्यांच्या तसबिरीपुढेसुद्धा कोणी एवढं वाकलं नव्हतं."

"मोठ्यांचा मान," मास्तर बुटांना म्हणाले. "बसा."

चिटिंगनं खाली मान घातली. बाई खुर्चीत बसल्या. आता पंचाईत अशी की खांदा वर आणि मास्तरांचे हात खाली. समोर होती ती फक्त नडगी. आणि मास्तरांना वडिलांची शिकवण आठवली. आखडलेल्या खांद्याची सुरुवात नडगीपासूनच करायची, मग हळूहळू वर जायचं. आज वर जाणं शक्य नव्हतं. जे काय व्हायचं ते नडगीतच व्हायला हवं होतं.

"मास्तर, खांदा इकडे आहे."

"त्याची कडी नडगीत असते."

"आणि गुडघ्याची कुठे? कानात?"

"तुम्ही हात हलवत राहा," म्हणत मास्तरांनी अंगठा टेकवला. रोज ते बेतानं दाबत. आज त्यांचं अख्खं धड आधीच खाली लोंबत होतं. ते सगळं अंगठ्यावर आलं. बाईंच्या तोंडून शाळेचं मैदान रिकामं होईल अशी आरोळी निघाली आणि मास्तरांच्या टाळक्यात घालायला त्यांनी हात उगारला.

हात डोक्याच्या वर जाऊन थांबला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आई गं," चिटिंग हळूच म्हणाली. "गेला वर."

बाईंनी हात खाली घेतला. पुन्हा वर नेला. मग उठल्या.

"बास झाला मान. आता ताठ उभे राहा."

"त्याचं काय आहे, ताम बाई..."

"कळलंय मला. कमरा धरलेली पोरं काय कमी पाहिलीत?" त्यांनी सुटलेल्या हातानं मास्तरांची कॉलर पकडली, कमरेला गुडघा लावला आणि एक हिसका दिला. खाट् आवाज झाला. मास्तर उभे राहिले आणि त्यांना बाईंचा चेहरा पहिल्यांदा दिसला. चक्क हसरा होता.

"तुमचे हात खरे आहेत. तोंड जरा जास्त चालतं, पण ते तुमची बायको बघून घेईल. रविवारी जेवायला या. चारचौघांत होकार देते."

आणि 'एक-दोन, एक-दोन' करत, हात गोल फिरवत, बाई थेट चोथ्यातून चालत गेल्या. दोन्ही पाय पडले.

ओरडून सांगावं असं म्युईफानला मनापासून वाटलं. तिनं तोंडही उघडलं. पण तेवढ्यात लक्षात आलं की उचकी थांबलीय. तिनं तोंड मिटलं.

रविवारी भाजलेल्या बदकाभोवती दोन्ही घरं बसली. लाव शिंपीही होता. "माझ्या दुकानातून आजवर..." मास्तरांनी त्याला सांगायला सुरुवात केली, तर म्युईफाननं टेबलाखालून त्यांच्या नडगीवर लाथ मारली.

ताम बाई उभ्या राहिल्या. त्याच हातात पेला घेतला आणि सगळ्यांच्या डोक्यांवर उंच धरला.

"आमच्याकडून होकार आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना उचकी लागली.