एक शाल, एक नारळ आणि सत्तावीस मानकरी

शाळेचा कार्यक्रम घड्याळाच्या काट्यावर कसा संपवायचा, हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं! चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलंय मी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रोज सकाळी आमच्या वाडीच्या शाळेत जातो. लहान मुलांना वाचायला शिकवतो. पगार नाही, मस्टर नाही, त्यामुळे कुणी मला काढूही शकत नाही!

तर या एप्रिलमध्ये मुख्याध्यापिका शितल मॅडम मला म्हणाल्या, "गुरुजी, चौथीचा निरोप समारंभ आणि गावजेवण, दोन्ही एकाच दिवशी घेऊ. कार्यक्रमाचं तुम्ही बघा."

मी म्हणालो, "बघतो. पण माझी एक अट आहे. सत्कार बंद!"

मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी म्हटलं होतं की यंदा सूर्य बंद.

आमच्याकडच्या कार्यक्रमांचं दुखणं तुम्हालाही ठाऊक असेल. पाहुण्यांचे सत्कार होतात, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार होतात, आणि नाचासाठी नटलेली पोरं तोवर एकमेकांच्या खांद्यावर झोपी जातात. गालावरची लाली घामाने मानेपर्यंत येते. हे सगळं मी यंदा मोडीत काढणार होतो. सत्कार एकच, तोही मुलांच्या हातून, पुतळाबाईंचा. पुतळाबाई गेली अठरा वर्षं आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. शाल एक, नारळ एक, वेळ दोन मिनिटं. पुतळाबाईंना आधी काही सांगायचं नाही, असा मुलांचा बेत होता.

हा आटापिटा कशासाठी, तर आसमीनसाठी.

आसमीन चौथीतली. पहिलीत आली तेव्हा ही मुलगी शाळेत तोंडच उघडायची नाही. घरी थोडंफार बोलायची, पण शाळेच्या फाटकात आली की शब्द दप्तरात. मी तिच्या शेजारी बसून राहायचो. गोष्टी सांगायचो, चित्रं काढायचो, "बोल" असं एकदाही म्हणालो नाही. दुसरीच्या दिवाळीनंतर एके दिवशी ती हळूच म्हणाली, "गुरुजी, खडू." पहिला शब्द! त्या दिवशी मी खडूचा अख्खा खोका तिच्यापुढे ठेवला आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या तालुक्याला बातमी दिली. अजूनही देतो. यवतच्या बाजारात भाजीवालीलाही सांगून झालंय.

तीच आसमीन या कार्यक्रमात चौथीच्या वतीने बोलणार होती. भाषण मी लिहून दिलं होतं, चांगलं चार मिनिटांचं. पुढच्या वर्षी ती राहू गावच्या हायस्कूलला जाणार. म्हणजे संधी हीच.

तिचे वडील इरशाद शिरूरकडच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. दुसरी पाळी. कंपनीची बस दीड वाजता शाळेसमोरच्या फाट्यावर येते. चार वर्षांत त्यांना शाळेचा एकही कार्यक्रम बघता आला नव्हता.

"गुरुजी, खाडा केला तर गेटपासच बंद करत्यात," ते मला म्हणाले. "तिचं किती वाजता हाय?"

"अकरा वाजता! तुम्ही घरी जाऊन जेवून, डबा घेऊन बस पकडाल. माझा शब्द!"

शब्द देताना मी छातीवर हात ठेवला होता. आता आठवलं की तो हात कुठे लपवू, असं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळं गाव राबत होतं. मीरासाहेब चाचांनी, म्हणजे आसमीनच्या आजोबांनी, आपला मांडव फुकट घातला होता. शाळा समितीचे अध्यक्ष हौसराव आप्पा यांनी मुरूम टाकून मैदान सपाट करून दिलं होतं. रतनबाईंच्या बचत गटाने रात्रीत पाचशे पापड लाटले होते. कुणी पाण्याचा टँकर दिला, कुणी तांदूळ. एवढ्या लहानशा वाडीत एवढी माया कुठून येते, देव जाणे!

दहाला सुरू होणारा कार्यक्रम पावणेअकराला सुरू झाला. म्हणजे आमच्या मानाने लवकरच. शाळेचा ओटा हाच रंगमंच. मी माईक हातात घेतला, आणि इथेच माझी मती फिरली. पुतळाबाईंचं नाव सरळ घ्यायचं, तर मी उत्कंठा वाढवायला गेलो!

"या शाळेसाठी ज्यांनी सर्वांत जास्त कष्ट केले," मी आवाज खोल केला, "ज्यांच्यावाचून शाळेचा एक दिवस जात नाही, अशा व्यक्तीचा सत्कार आता मुलं करणार आहेत!"

आणि मी स्वयंपाकाच्या शेडकडे पाहिलं. पुतळाबाई मसालेभाताच्या पातेल्याशी झुंजत होत्या. मी हाताने "या, या" अशी खूण केली. त्यांनी उलथनं हलवून उत्तर दिलं, "भात लागंल!"

एवढ्या वेळात मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. वळून बघतो तर हौसराव आप्पा उभे! डोळे मिटलेले, हात जोडलेले, मान खाली. तीस वर्षांचं राजकारण त्यांचं. सत्काराचं ताट दिसलं की मान आपोआप वाकते, जशी वैरण दिसली की बैलाची. आणि दुसरीतल्या सायलीने त्यांच्या गळ्यात शाल घालून हातात नारळही दिला होता!

तिला तरी काय बोलणार? मीच तिला शिकवलं होतं, "पुढे जी मान वाकेल, तिच्यावर शाल घालायची." पोरगी माझी विद्यार्थिनी. सांगितलं तेवढं चोख केलं!

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला.

"मंडळी, मला लई भरून आलंय. पर माझ्या एकट्याचा मान व्हावा, हे बरं न्हाई. ह्या शाळेला समद्यांनी दिलंय! तवा आता मी एकेक नाव घेतो. गुरुजी, आनखी शाली काढा!"

आणखी शाली? मी शितल मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. समोर पहिल्या रांगेत रतनबाई पदर सावरून तयारच होत्या.

"आधी मुलीचं भाषण घेऊ या ना, आप्पा," मी कानात म्हणालो.

"आधी मान, मग पोरं! पापड लाटलेत बायांनी, गुरुजी. एकीला सोडलं तर पुढच्या साली पिठाचं पोतंसुदिक उचलणार न्हाईत."

खोटं काय होतं त्यात? प्रत्येकाने खरोखरच काहीतरी दिलं होतं. नाही तरी कुणाला म्हणू?

मग शितल मॅडमनी जी अक्कल लढवली, तिला तोड नाही! त्या ओट्याच्या पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या. "आप्पा, द्या ती शाल आणि नारळ. पिशवीत घालून ठेवते. जेवून जाताना न्या." आप्पांनी दिलं. मॅडमनी ते वर्गाच्या खिडकीतून आत सरकवलं. आत मी. मी शालीची घडी केली, नारळ पुसला, ताट सायलीच्या हातात दिलं, आणि सायली दारातून पुन्हा ओट्यावर!

रतनबाई झाल्या. टँकरवाले झाले. तांदूळवाले झाले. माईकवाला झाला. माईकचा सत्कार व्हायचा तेवढा राहिला! शाल आणि नारळ रहाटाच्या पोहऱ्यांसारखे फिरत होते. एकीकडून भरून वर, दुसरीकडून रिकामे खाली. एप्रिलचं ऊन. त्या शालीत इतका घाम मुरला की घडी घालताना हाताला वजन लागायला लागलं.

अकरा वाजले. बारा वाजले. इरशाद मांडवाच्या कडेला उभे. घड्याळ बघायचे, मग ओट्याच्या कोपऱ्यात बसलेल्या आसमीनकडे. ती भाषणाचा कागद मुठीत धरून बसली होती. मी दोनदा आप्पांकडे गेलो, दोनदा त्यांनी मला प्रेमाने परत पाठवलं.

एकोणिसावा नंबर मीरासाहेब चाचांचा. त्यांनी नारळ हातात घेतला, फिरवून पाहिला आणि थेट खिडकीशी आले.

"गुरुजी, ह्यो नारळ मी वळखतो. मगाशी रतनबाईच्या हातात व्हता."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. "चाचा, कुणाला सांगू नका. सगळ्यांना पुरवायचाय."

चाचा इतके हसले की टोपी काढून डोळे पुसावे लागले. "न्हाई सांगत. हे घ्या, फिरवा. पर माझ्या नातीचं कवा? तिचा बाप निघंल की आता!"

"फक्त आठ राहिलेत, चाचा!"

आठांपैकी सात झाले आणि फाट्यावर हॉर्न वाजला. पोंऽऽ!

बस पाच मिनिटं लवकर. चौतीस वर्षं ज्या वक्तशीरपणाची मी वाट पाहिली, तो नेमका त्या दिवशी त्या बसला सुचला!

इरशादनी पिशवी खांद्याला लावली. लेकीकडे बघून हात हलवला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आसमीनने मुठीतला कागद हळूहळू घडी करून खिशात ठेवला. ते मी खिडकीतून पाहिलं. चार वर्षं मी या पोरीचा एक एक शब्द वेचला, आणि आज तिचं बोलणं माझ्याच कारभारात बुडत होतं.

मी खिडकीतून उडी मारली असती, पण गज होते. दारातून धावलो. पण माझ्यापुढे कुणीतरी आधीच धावत होतं. पुतळाबाई! हातात उलथनं, पदर खोचलेला. त्या थेट रस्त्यावर जाऊन बसच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या.

"पोरगी बोलल्याबिगर बस हलायची न्हाई!"

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. शंभू! आमचाच जुना विद्यार्थी.

"मावशी, बाजूला व्हा. कंपनीत हजेरीचा पंच करायचा असतो. उशीर झाला तर सुपरवायझर सोलंल मला."

"चौथीत असताना चार चार वाट्या खिचडी हाणायचास, तवा न्हाई झाला उशीर? उतर खाली!"

"मावशी, समद्यांच्या म्होरं खिचडी काढू नका हो..."

"पाच वाट्या, एका शुक्रवारी! सांगू का आनखी?"

बस मुकाट्याने वळली आणि आप्पांनीच सपाट केलेल्या मैदानात येऊन थांबली. पंचवीस कामगार खाली उतरले. इरशाद सगळ्यात पुढे.

मी धापा टाकत ओट्याशी पोचलो, तर आप्पांचा आवाज घुमला, "वा, वा! कंपनीचे पाहुणे आले! आता बसच्या ड्रायव्हरसाहेबांचा सत्कार..."

सायली ताट घेऊन निघालीसुद्धा! शंभूची मान वाकायला लागली! आणि तेवढ्यात एका लहानशा हाताने आप्पांच्या हातातला माईक काढून घेतला.

"आप्पा, तुम्ही खाली बसा."

आसमीन!

 आप्पा बसले. खुर्ची कुठे आहे हे न बघता बसले, पण बसले.

"माझं नाव आसमीन. मी शाळेत बोलत नव्हते. गुरुजी माझ्या शेजारी बसायचे आणि मला 'बोल' म्हणायचे नाहीत. ते मला आवडायचं. पुतळामावशी रोज विचारायच्या, 'वाढू का?' मी मान हलवायचे. एक दिवस खूप भूक लागली होती. तेव्हा मी म्हणाले, 'वाढा.' पहिलीत होते. शाळेतलं माझं पहिलं बोलणं ते. मला इथून जायचं नाही, पण जाणार आहे. सगळ्यांनी आम्हाला खूप दिलं. आणि आज माझे अब्बा आलेत. संपलं."

संपलं! अर्धं मिनिटसुद्धा नाही! मी लिहून दिलेल्या चार मिनिटांतला एक शब्द तिने घेतला नव्हता. तुम्हाला म्हणून सांगतो, त्या भाषणाची पहिली दीड मिनिटं 'सन्माननीय अध्यक्ष, आदरणीय प्रमुख पाहुणे' अशी नावंच होती. सत्कारांवर बंदी घालणारा तो मीच!

टाळ्या अशा वाजल्या की मांडवावरची चिमणी उडाली. इरशाद लेकीजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी माफी मागायला पुढे झालो.

"गुरुजी, माफी कसली? घरीसुदिक एका दमात एवढं बोलत न्हाई ती!"

आप्पा सारखे डोळे पुसत होते. "पोरीनं मला बसवलं बघा, मंडळी! तीस वर्षांत विरोधकांना जमलं न्हाई ते!"

रतनबाईंनी कामगारांच्या हातात पानावर गरम मसालेभात आणि पापड ठेवले, आणि बस सुटली. पुढे संध्याकाळी इरशादचा फोन आला, शंभूने गाडी वेळेत गेटला लावली होती. पोहोचेपर्यंत सगळी बस त्याला 'पाच वाट्या' म्हणून हाक मारत होती म्हणे.

मग मुलांनी पुतळाबाईंना ओढत ओट्यावर आणलं. सायलीने शाल उचलली. पुतळाबाईंनी ती दोन बोटांनी धरून नाकाशी नेली आणि लांब केली.

"सव्वीस जणांचा घाम हाय ह्याच्यात! धुवून वाळवून आना, मग घाला!"

हे माईकवर गेलं. सव्वीसच्या सव्वीस मानकऱ्यांना शालीचं कोडं एकदम उलगडलं. क्षणभर मला वाटलं, आता गाव मला वेशीबाहेर काढणार. पण आधी मीरासाहेब चाचा हसले, मग आप्पा, मग रतनबाई, मग सगळा मांडव. रतनबाईंनी आपल्या अंगावरचा नवा स्टोल काढून पुतळाबाईंच्या खांद्यावर घातला. सत्ताविसावा सत्कार तेवढाच खरा झाला.

पंगतीत मी शेवटी बसलो. पुतळाबाई वाढायला आल्या. माझ्या मनात एकच गोष्ट सलत होती. खडू हा पहिला शब्द नव्हता! त्याच्या आधी वर्षभर ती पोर शेडमध्ये बोलत होती!

"पुतळाबाई, 'वाढा' म्हणाली ते तुम्ही मला कधी सांगितलंच नाही?"

त्या जरा घुटमळल्या. भाताचं पातेलं या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं.

"सांगनार व्हते, गुरुजी. पर आज सांगू, उद्या सांगू करता ऱ्हाऊन गेलं, आन मग तुम्ही आख्ख्या गावाला सांगत फिरत व्हता, मी तिला बोलतं केलं म्हनून. लई खूश व्हता. म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

मी ताट पुढे केलं.