विणलेला कोंबू

पॉलिशपेपरच्या नावातच 'पेपर' आहे, हीच मुळात सगळी भानगड. तो सगळाच्या सगळा कागदाचा असता, तर त्या रविवारी आमच्या घरात काहीएक झालं नसतं आणि आज मी लोणच्याच्या पिंपावर बसून हे सांगत नसतो.

तशी माझी एकतीस वर्षं नगरपालिकेत कचरा वर्गवारीच्या टेबलावर गेली. कागद कुठल्या वारी टाकायचा, चिंध्या कुठल्या वारी, न जळणारं काय काय असतं, हे गावाला शिकवणारी पुस्तिका माझीच. (चौसष्ट पानांची. पुष्कळ घरांत ती डुगडुगणाऱ्या कपाटाखाली आहे. पण आहे!) अशा माणसाच्या शेडमध्ये एक पेटी मात्र पंधरा वर्षं वर्गवारीवाचून पडलेली. खाडीपलीकडचा फर्निचरचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिथल्या मशीनवरचे घासून गुळगुळीत झालेले पॉलिशपेपरचे पट्टे मी हौसेनं उचलून आणले होते. काही कागदी, काही कापडी, सगळेच तपकिरी.

रविवारी सकाळी फुमिए म्हणाली, "अहो, आज दादा येतोय जेवायला. गाडी घेऊन येतोय. त्याच गाडीतून ती पेटी जाऊ दे."

"का? तिनं काय केलंय तुझं?"

"मला शेड हवीय. मुळ्याच्या लोणच्याची पिंपं ठेवायची आहेत. स्वयंपाकघरात आता माणसानं उभं राहायचं की पिंपानं? आणि आहे काय त्या पेटीत? कागदच ना? द्या रद्दीत."

"कागद नाही गं, पाठ कापडाची असते."

"मग चिंध्यांत द्या."

"वर वाळूसारखी खर चिकटवलेली असते. चिंध्यांत घेत नाहीत."

"मग आहे तरी काय ते?"

मी मनातल्या मनात पुस्तिका चाळली. (पुस्तिकेत पान एक्केचाळीसवर स्पष्ट लिहिलंय, 'शंका असल्यास कार्यालयात विचारावे.' कार्यालय म्हणजे मी.)

म्हणजे माझी शेडच जाणार! निवृत्त माणसाला बसायला एक जागा लागते, जिथे त्याला कुणी 'जरा पाय वर घ्या' म्हणत नाही. मी म्हटलं, "हे बघ, कापडी पट्टा फेकायचा नसतोच. तो फाटत नाही, झडत नाही, कापून पुन्हा वापरता येतो. आज जेवणाच्या आत दाखवतो."

"दाखवा. त्यातला एक तुकडा जरी माझ्या घरात कामाला आला, तरी पेटी राहील."

"नक्की?"

"नक्की. मी शिंपल्या आणायला चाललेय. सूपाचं बाकी सगळं काढून ठेवलंय, कशाला हात लावू नका."

तिच्या या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

कापडी कुठला हे ओळखायचं कसं, तर पाठ निरखून बघायची, म्हणजे धाग्यांची वीण दिसते. पण पंधरा वर्षांच्या धुळीत माझ्या चष्म्याला कसली वीण दिसणार! म्हणून मी माझ्या चष्म्यावर फुमिएचा चष्मा चढवला. त्यानं मला सगळंच विणलेलं दिसायला लागलं. स्वतःचा तळहातसुद्धा. मग कोपरा फाडून बघायचा. कागद वेडावाकडा फाटतो, कापड धाग्याच्या रेषेत चर्रकन सरळ जातं. पण ज्याला कामाला लावायचं त्यालाच फाडायचं, हे काही मनाला पटेना. म्हटलं, पाण्यात घालावं. कागदाचा लगदा होईल, कापड चिवट राहील. वा! स्वतःवर इतका खूश मी निवृत्तीच्या दिवशीसुद्धा नव्हतो.

स्वयंपाकघरातलं मोठं घमेलं घेतलं, पाणी भरलं, हातभर लांबीचे सात-आठ पट्टे बुडवले. ओट्यावर एका ताटात आणखी चार तपकिरी पट्टे कोरडे पडले होते. म्हटलं, हे आपण भिजवायचे राहिलेले दिसतात. ते घेऊन मी शेडमध्ये गेलो.

या चार पट्ट्यांनी मला थक्क केलं! वर पांढरी भुकटी होती. कुठल्या तरी उंची लाकडाचा भुसा असावा म्हणून मी ती दाताच्या जुन्या ब्रशनं कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून काढली. खर इतकी बारीक, की बोटाला लागेच ना. मेहुण्याला दाखवायला म्हणून मी देवदाराचा ट्रे करत होतो. एक पट्टा लाकडी ठोकळ्याला चार चुका मारून बसवला आणि लागलो घासायला. अशी झळाळी आली, की काय सांगू! आमची मांजर गोमा एरवी शेडमध्ये पाऊल टाकत नाही, ती येऊन ट्रेकडे टक लावून बसली. कलेची जाण एकेकाला असते.

इतक्यात स्वयंपाकघरातून फुमिएची हाक आली. "अहो, हे भिजत तुम्ही घातलंत?"

"हो!"

"माझा चष्मा कुठाय?"

"सापडेल!" (तो माझ्या नाकावर होता.)

"किती वेळ झाला भिजवून?"

"झाला की तासभर! मऊ पडलं का गं?"

"छे! चांगलं चिवट आहे!"

"मग अस्सल आहे ते! नकली असतं तर लगदा झाला असता!"

"दादानं पाठवलेलं नकली कशाला असेल?"

मला वाटलं, तिला ऐकू कमी यायला लागलंय. मग तिचाच आवाज आला, एकदम मऊ. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा हो तुम्ही माझं काम आपणहून केलंत." मला गहिवरून आलं. कशाबद्दल ते कळलं नाही, पण आलं.

बारा वाजता मेहुणा आला. साइजो. शेजारच्या गावात त्याचं नूडल्सचं दुकान आहे, आणि सूपाच्या बाबतीत त्याच्या जिभेपुढे आख्खा किनारा वचकून असतो. फुमिएनं सूपाचे तीन वाडगे ठेवले. घोट पहिल्यांदा साइजोनं घ्यायचा, हे ठरलेलंच. त्यानं डोळे मिटून घेतला. दातांखाली करर्र असा आवाज झाला.

"शिंपल्यांनी वाळू नीट सोडलेली नाही," साइजो म्हणाला.

फुमिएचा चेहरा पडला. "असं कसं? मिठाच्या पाण्यात ठेवल्या होत्या की मी!"

"आणि कोंबू कुठला हा?"

"तूच दिलेला, दादा. गेल्या महिन्यात."

कोंबू म्हणजे समुद्रातलं चिवट तपकिरी पान. वाळवून त्याचे पट्टे करतात आणि त्याच्याशिवाय आमच्याकडे सूप ही वस्तू होत नाही. साइजोनं वाडग्यात जेवणाच्या काड्या घातल्या, तळाचा पट्टा वर काढला, उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"फुमिए," तो म्हणाला, "मी तीस वर्षं कोंबू उकळतोय. विणलेला कोंबू मी आजच बघतोय."

"काहीतरीच काय!"

"हे बघ, आडवे धागे, उभे धागे. आणि पाठीवर एकशेवीस नंबर छापलाय."

अशा वेळी शहाण्या माणसानं खाली बघून भात खावा. पण एकतीस वर्षांची सवय हो! मी उभाच राहिलो. "कापडी! बघ, मी म्हणत होतो ना? उकळूनसुद्धा धागा हलला नाही!"

फुमिएनं माझ्या नाकावरचे दोन चष्मे बघितले. मग ओट्यावरचं रिकामं ताट बघितलं. "माझा कोंबू कुठाय?" तिनं विचारलं. इतक्या हळू ती फक्त फार चिडल्यावर बोलते.

तिघंही शेडमध्ये गेलो. कोंबू ठोकळ्यावर होता, चार चुकांसकट. गोमा ट्रेमध्ये बसून ट्रे चाटत होती.

"पांढरी भुकटी कुठे गेली याची?" साइजोनं मला विचारलं.

"झाडून टाकली. ब्रशनं."

"दाजी, सगळी चव त्या भुकटीत असते हो!" साइजोच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

मी झाल्या प्रकाराबद्दल कमरेतून वाकून माफी मागितली. वाकताना वरचा चष्मा पडला, तो फुमिएनं झेलला. आणि मग ती हसायलाच लागली. हसता हसता खाली बसली. साइजो आधी तोंड धुऊन आला, मग तोही हसला. जुन्या पट्ट्यांवरची खर सरसानं चिकटवलेली असते आणि सरस गरम पाण्यात सुटतो, हे त्यानंच मला समजावलं. म्हणजे खर सूपात आणि कापड काड्यांवर. जी वर्गवारी मला पंधरा वर्षं जमली नव्हती, ती फुमिएनं एका उकळीत करून दाखवली होती.

सूप मोरीत गेलं. साइजोनं गाडीतून नूडल्स आणले. त्यावर घालायला आंबट आलुबुखाराची बरणी काढली, तर झाकण हलेना. मी झटून पाहिलं, साइजोनं झटून पाहिलं. शेवटी फुमिएनं पेटीतला एक कोरडा कापडी तुकडा आणला, झाकणाला गुंडाळला आणि टक्! झाकण हातात. तिनं तुकड्याकडे नव्यानं बघितलं. मग दुसरा तुकडा घेऊन कढईचं करपलेलं बूड घासून बघितलं. तेही लख्ख निघालं.

"बरंच कामाचं आहे की हो हे," ती म्हणाली.

मला आभाळ ठेंगणं झालं. "मग? पेटी राहिली ना?"

"राहिली म्हणजे काय! शब्द आहे माझा. दादा, ती पेटी जरा उचलून इकडे आण. ओट्याखाली, हाताशी."

"ओट्याखाली?" मी म्हटलं. "शेडमध्ये नाही?"

"पेटी राहील म्हटलं होतं मी. शेडचं कुठे बोलणं झालं होतं?"

साइजोनं पेटी आत आणली आणि त्याच फेरीत लोणच्याची तीन पिंपं बाहेर नेली. एकतीस वर्षं नगरपालिकेत काढलेल्या माणसानं जागेचा उल्लेख नसलेल्या कराराला मान डोलावली होती.

तसं माझं काही बिघडलेलं नाही. दोन पिंपांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा आहे, तिसऱ्यावर टेकता येतं. वास येतो, पण 'पाय वर घ्या' म्हणायला तिथे कुणी येत नाही.

ट्रे मात्र घरात मानानं वापरात आहे. गोमा तो रोज एक वेळ मनापासून चाटते, त्यामुळे त्याला काय गुळगुळीतपणा आलाय! परवा शेजारच्या बाईंनी चहा घेताना त्यावरून बोट फिरवलं. "अगंबाई, किती सुरेख घासलाय हो! कुणी केलं हे?"

मी घसा खाकरून पुढे सरकलो.

"मांजरीनं," फुमिए म्हणाली.