घड्याळजींचा कप आणि एकशे त्रेचाळीस उत्तरं

माणसाला स्वतःच्या घरातलं काही समजत नाही, कारण समजण्यासाठी लागणारं अंतर तिथे नसतं. म्हणूनच ज्यांनी आपलं घर कधी पाहिलेलं नाही, त्यांचा सल्ला सर्वांत मोलाचा. आमचा ‘घरगुती अडचणी’ हा ऑनलाइन मंच याच तत्त्वावर चालतो. सभासद नऊ हजार चारशे. (पैकी घरच्यांशी बोलणारे किती, याची नोंद ठेवलेली नाही.) मला समोरासमोर कुणाला पत्तासुद्धा धड सांगता येत नाही, तिथे मात्र मी ‘जाणकार’ श्रेणीत आहे.

एका सोमवारी एका घड्याळजींनी प्रश्न टाकला : “लग्नाला बावीस वर्षं झाली. आठ दिवसांपासून बायको माझ्या नेहमीच्या कपात चहा देत नाही, दुसऱ्याच कपात देते. काय कारण असेल?”

उत्तर मला सुचलं होतं. मी लिहिलं, “वहिनींना विचारा.” मंचाने ते घेतलं नाही. वीस शब्दांहून छोटा सल्ला उथळ मानला जातो. (नियम योग्यच आहे.) मग मी भर घातली : “वहिनींना विचारा, पण जपून विचारा, कारण बावीस वर्षांनी एखादी गोष्ट बदलते तेव्हा त्यामागे काहीतरी असू शकतं, आणि ते त्या लगेच सांगतीलच असं नाही.” पहिले दोन शब्द सोडून उरलेला सल्ला एकशे बारा जणांना उपयुक्त वाटला.

‘त्यामागे काय’ यावर संध्याकाळपर्यंत एकशे त्रेचाळीस उत्तरं आली. आधी कप, मग ताट, मग उशी असा शास्त्रीय क्रम एका दंतवैद्यांनी मांडला. ‘कायदेपंडित’ (हे वायरिंगची कामं करतात) यांनी चहाच्या वेळा लिहून ठेवायला सांगितलं. एक ताई एवढंच म्हणाल्या, की दादा, तुम्ही फार भोळे आहात हो, आणि हे वाक्य त्यांनी वीस शब्द भरेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहिलं.

घड्याळजी शिस्तीचे. त्यांनी वेळा सेकंदांसह नोंदवल्या. चौथ्या दिवशी ते मंचावर ठरल्याप्रमाणे बायकोला म्हणाले, “मला सगळं कळलंय.” (काय कळलंय, ते त्यांनी नंतर आम्हाला विचारलं.)

वहिनी म्हणाल्या, “अहो, त्या कपाचा कान निघायला आलाय. गरम चहा मांडीवर सांडला असता, म्हणून दुसरा काढला. त्यात कळायचंय काय?”

घड्याळजींनी हे शब्दशः मंचावर ठेवलं. अठ्ठ्याहत्तर टक्के जाणकारांना खुलासा संशयास्पद वाटला; इतकं सरळ कारण खरं असत नाही. “कान आधी ढिला झाला की कप आधी बदलला, हे विचारा,” असं कायदेपंडितांनी बरंच लांबवून लिहिलं. घड्याळजींनी विचारलं. वहिनी बॅग भरून भावाकडे गेल्या. मंचावर याची नोंद ‘प्रगती’ अशी झाली.

काल घड्याळजींनी लिहिलं : “तिचा फोन आला होता. म्हणाली, ‘उद्या न्यायला येताय, की तेही कुणाला विचारायचंय?’ मी म्हटलं, कळवतो. घरात फार शांत वाटतं. दुकानात चाळीस घड्याळं चालू असतात, म्हणून तिथेच बसून आहे. जाऊ का?”

मंचाने मतदान घेतलं. जा : एकसष्ट. जाऊ नका : एकसष्ट. बरोबरी झाली की मतदान खुलं राहतं. मी मत दिलेलं नाही; माझ्या सल्ल्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे. मतदाराला अट एकच : नवरा-बायको दोघांपैकी कुणालाही तो ओळखत नसावा. ती तुम्ही पूर्ण करता.

आणि मत तर तुमचं मघाशीच झालंय.