इंजिन ऐकायचे दात

विजापूर रोडवर गाडीचा पट्टा तिसऱ्यांदा तुटला, तेव्हा सुबोध डॉक्टर खाली उतरले आणि तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. शेजारच्या सीटवरून त्यांची बायको ज्ञानदा उतरली आणि तिने आधी रिक्षाला हात केला.

"मी कॉलेजला चालले," ती म्हणाली. "रविवारपर्यंत ही नीट झाली तर ठीक. नाहीतर सोमवारी विकायची."

डॉक्टरांनी मान हलवली. वीस वर्षं सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात लोकांचे दात काढून, भरून, चांदी बसवून त्यांनी गेल्या वर्षी ही गाडी सेकंडहँड घेतली होती. लाल, दोन दारांची, सहा सिलिंडर एका ओळीत. पाच सेकंदांत शंभरचा वेग घेते अशी तिची ख्याती होती. सोलापुरात तिसऱ्याच सेकंदाला गतिरोधक नाहीतर म्हैस येत असल्यामुळे ती ख्याती तपासायची संधी मिळाली नव्हती, पण असं काहीतरी आपल्या दारात उभं आहे या विचारानेच डॉक्टरांना बरं वाटायचं.

गेले दोन महिने मात्र गाडीला थरथर लागली होती. सिग्नलला उभी असली की ती मांजरासारखी गुरगुरे. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे इंजिन गेलं की तेव्हाही शांत. मधे साडेतीन हजारांवर आली की अंगात आल्यासारखी हले. आरशात मागचा एक ट्रक तीन दिसे. आधी डायनामोचा ब्रॅकेट तडकला, मग पट्टे तुटायला लागले, मग इंजिनाच्या पुढच्या बाजूने तेल झिरपू लागलं.

होटगी रोडवरच्या मल्लिकार्जुन मिस्तरींनी चाकं बॅलन्स केली, सहाही प्लग बदलले, इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी माउंट नवे घातले. थरथर जिथल्या तिथे. मिस्तरी प्रामाणिक माणूस. हात पुसत म्हणाले, "डॉक्टर, आता माझं कसं झालंय, एकेक दात काढायचा आन् इचारायचं, अजून दुखतंय का."

उपमा डॉक्टरांना लागली. पण पुण्याच्या वर्कशॉपने पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. वर तंबी दिली होती, तोवर चालवू नका, आतला क्रँक तुटला तर इंजिन भंगारात जाईल.

"एक माणूस हाय," मिस्तरी म्हणाले. "बसप्पा. श्रीपूरकडं साखर कारखान्यात हेडफिटर होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचे, मूठ दातात धरायचे, आन् कुठलं बेअरिंग चाललंय ते सांगायचे. कान तर मिलच्या आवाजानं कवाच गेले. सगळं दातानंच ऐकायचे. आता रिटायर होऊन जुळे सोलापुरात राहत्यात."

शनिवारी डॉक्टर आणि मिस्तरी बसप्पांच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोने, शिवबाईंनी उघडलं. डॉक्टरांना बघून त्या चकित झाल्या.

"अगंबाई, तुमी सवता आलाव व्हय? आमी तर पुढच्या म्हयन्यात येनार हुतो की."

आतून बसप्पा आले आणि तोंडभर हसले. डॉक्टरांना रुग्णांचे चेहरे लक्षात राहत नसत, जबडे राहत. हा जबडा त्यांनी लगेच ओळखला. त्यातले शेवटचे पाच दात त्यांनी स्वतःच दीड महिन्यापूर्वी काढले होते.

मल्लिकार्जुन मिस्तरींनी एकदा बसप्पांच्या तोंडाकडे आणि एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. "मग कवळी बसवून टाका की लगेच."

"हिरड्या भरून यायला तीन महिने लागतात."

"कोन म्हनतं?"

"मीच," डॉक्टर बारीक आवाजात म्हणाले.

बसप्पांना सगळा प्रकार मोठ्याने, दोनदा सांगावा लागला. त्यांनी विचार केला, कोनाड्यातली बॅटरी घेतली आणि डॉक्टरांसमोर खुर्ची ओढून बसले.

"आ करा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी आ केला. बसप्पांनी बॅटरीच्या उजेडात वरची रांग पाहिली, खालची पाहिली, एका दाढेवर बोटाने टकटक केली.

"चालतील," ते म्हणाले. "दात तुमचे, अक्कल माझी. उद्या सकाळी येतो."

रविवारी सकाळी मिस्तरींच्या गॅरेजात सगळे जमले. ज्ञानदा गाडीला निरोप द्यायच्या तयारीनेच आली होती. शिवबाईही आल्या होत्या, कारण दात गेल्यापासून बसप्पांच्या बोलण्यात वारा जास्त आणि अक्षरं कमी असत, आणि ते फक्त त्यांनाच उमजे.

मिस्तरी आत बसून ॲक्सिलरेटर दाबणार, बसप्पा स्टुलावर बसून हुकूम सोडणार. डॉक्टरांनी स्क्रू ड्रायव्हर सॅनिटायझरने दोनदा पुसला, मूठ दातांत धरली आणि वाकले.

"आदी मागच्या अंगाला लावा," बसप्पा म्हणाले. "मल्लू, दे रेस. साडेतीन हजार. हां. डॉक्टर, कसं लागतंय? घंटेवानी का कांडपावानी?"

"अं… आं हं हं," डॉक्टर म्हणाले.

"घंटेवानी म्हनत्यात. पन हळू," शिवबाईंनी सांगितलं.

डॉक्टरांनी चमकून पाहिलं. ते अगदी तेच म्हणाले होते. आयुष्यभर त्यांनी तोंडात हत्यारं घातलेल्या माणसांना प्रश्न विचारले होते. उत्तर देणं किती अवघड असतं ते आज कळत होतं.

"कसं काय कळतं तुम्हाला?" ज्ञानदाने विचारलं.

"दीड म्हयना घरात ह्येच ऐकतीया की."

"मदी लावा," बसप्पा म्हणाले. डॉक्टरांनी टोक इंजिनाच्या मधे टेकवलं. घंटा मोठी झाली. "आता पार म्होरं, खाली. फिरत्या पट्ट्याला लागू देऊ नका."

टोक पुढच्या झाकणाला लागलं आणि डॉक्टरांच्या डोक्यात एकदम पिठाची गिरणी सुरू झाली. डोळ्यांतून पाणी आलं. वीस वर्षांपूर्वी मित्राने भरलेली खालची दाढ आतल्या आत सुटी झाल्यासारखी वाटली. "ऑं ऑं ऑं," ते म्हणाले. याला शिवबाईंचीही गरज पडली नाही.

"आता चार हजार कर," बसप्पांनी सांगितलं. गिरणी थांबली. डॉक्टरांनी हाताने शांत, शांत अशी खूण केली.

बसप्पांनी इंजिन बंद करायला लावलं. "चाकं असती तर हुबी असताना हलली नसती. प्लग असते तर हळू चालतानाबी हलली असती. ही एकाच आकड्याला हलती, आन् म्होरच्या टोकाला हलती." ते कंबरेवर हात ठेवून वाकले आणि बॅटरी मारून पुढे पट्टा फिरवणाऱ्या पुलीकडे बराच वेळ बघत राहिले. पुली चांदीसारखी चमकत होती.

"हिच्यातला रबर कुटं हाय?"

"कंपनीचीच असंल तशी," मल्लिकार्जुन म्हणाले. "मी अशी गाडी पयल्यांदाच खोलली. भारी गाडीची पुली भारी असंल, म्हनून हात नाही लावला."

"न्हाय. आतला क्रँक म्हंजी हा एवढा लांब दांडा. त्याला सा जागी दनके बसत्यात. वल्लं धोतर पिळावं तसा त्यो पिळतो आन् सुटतो. म्हनून म्होरच्या पुलीत लोखंडाच्या दोन कड्या असत्यात, मदी रबर. त्यो रबर थरथर पितो. आमच्याकडं टर्बाइन आन् मिलच्या मदीबी रबराचे गट्टू असायचे. ते काढले की गिअरचे दात गेलेच." बसप्पा सरळ झाले. "ह्यो रबर काढनारा शाना कोन?"

डॉक्टरांच्या दातांत स्क्रू ड्रायव्हर अजून तसाच होता. ते अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "ई."

"मी, म्हनत्यात," शिवबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

ज्ञानदा सावकाश वळली. गाडी घेताना डॉक्टरांनी तिला शब्द दिला होता की हिला एक स्क्रूसुद्धा जादा लावणार नाही. पण उन्हाळ्यात दंतवैद्यांच्या परिषदेला पुण्याला गेले असताना एका ट्यूनिंगवाल्याने ही हलकी पुली दाखवली. वजन निम्मं, इंजिन झटकन वर जाणार, आणि थरथर उलट कमी होणार, असंही तो म्हणाला होता. डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवला. सुरुवातीला गॅरेजला प्रत्येक वेळी ज्ञानदा बरोबर असायची, त्यामुळे मिस्तरींना सांगायचं राहून गेलं. पुढे पुढे ते स्वतःच विसरले, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

"जुनी कुठे आहे?" ज्ञानदाने विचारलं.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर तोंडातून काढला. "दवाखान्याच्या माळ्यावर. प्लास्टरच्या डब्यात."

तिने किल्ली मागून घेतली, रिक्षाने गेली आणि अर्ध्या तासात पांढऱ्या भुकटीने माखलेली जड काळी पुली मिस्तरींच्या टेबलावर आणून ठेवली. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी बसप्पांना आणि शिवबाईंना चहा पाजला, स्वतः मात्र घेतला नाही. दाढ ठणकत होती.

दुपारपर्यंत जुनी पुली आणि नवा पट्टा बसला, गळकं सील बदललं. विजापूर रोडवर डॉक्टरांनी श्वास रोखून काटा साडेतीन हजारांवर नेला. काहीच झालं नाही. आरशातला ट्रक एकच होता, आणि त्याच्या कपाळावरचं नाव, उलट्या अक्षरांत का होईना, वाचता येत होतं.

"चालू आहे की बंद, तेच कळत नाही," ज्ञानदा म्हणाली. "विकायचं राहू दे. पण मला सांग, त्या प्लास्टरच्या डब्यात अजून काय काय आहे?"

डॉक्टरांनी पुढचा दीड किलोमीटर फार लक्ष देऊन गाडी चालवली.

हिरड्या भरल्यावर त्यांनी बसप्पांची कवळी स्वतःच्या हाताने, जीव ओतून केली. चार वेळा माप घेतलं. बसप्पा त्या कवळीने शेंगदाणे फोडून दाखवायला लागले, तेव्हा आपण ऋणातून मोकळे झालो असं डॉक्टरांना वाटलं.

आठच दिवसांनी, खुर्चीत पेशंट असताना, दवाखान्याखाली ट्रॅक्टर येऊन धडधडत थांबला. बसप्पा जिना चढून वर आले. नवे दात लखलखत होते. मागे टोपी हातात धरून एक शेतकरी.

"नातेपुत्याचं पाव्हनं हायत," बसप्पा आता खणखणीत बोलत होते. "ह्यांच्या ट्रॅक्टरला थरथर हाय. दोन मिन्टं खाली येता का?" त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून पुढे केला.

"अहो बसप्पा, आता तुम्हाला दात आहेत ना?"

"हायत की. लई झाक बसल्यात," बसप्पांनी प्रेमाने कवळीवरून जीभ फिरवली. "पन नवीन हायत, डॉक्टर. इंजनाला लावून खराब कशाला करायचे? तुमचे टिकत्यात तवर तुमचेच वापरू."