सत्कारमूर्तींना ताप आहे

रविवारी सकाळी दहा वाजता चारुदत्तराव स्वतःच्या सत्कारासाठी सुकापूरच्या हॉलवर पोचले आणि साडेदहाला त्यांना ताप आला. म्हणजे आला नव्हता. निनादनं तो आणला.

निनाद त्यांचा शिष्य आणि त्यांच्या हौशी नाट्यसंस्थेचा सचिव. तो धापा टाकत मेकअपच्या खोलीत शिरला. "सर, घोळ झालाय. रिसबूड घाटात अडकलेत. पुढे कंटेनर आडवा झालाय. तीन तास तरी गाडी हलत नाही, सुटलो की परत फिरतो म्हणतात."

इंद्रजीत रिसबूड म्हणजे पुण्याचे नाट्यसमीक्षक, आजचे प्रमुख पाहुणे.

"मग त्यांच्याशिवाय उरकू," चारुदत्तराव म्हणाले. "शाल तू घाल."

"मला चालेल हो. महादेवशेठना कुठे चालतंय?"

खरी गोम तिथेच होती. चारुदत्तरावांनी उरणची बंदरातली नोकरी सांभाळून पस्तीस वर्षं नाटक केलं होतं. अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, वेळ पडली तर पडदासुद्धा ओढला. पण तालमीला जागा नव्हती. सोसायटीच्या गच्चीवर कसंबसं चालायचं. गेल्या महिन्यात नायिकेची किंकाळी ऐकून तिसऱ्या मजल्यावरच्यांनी पोलीस बोलावले, तेव्हापासून गच्चीला कुलूप. हॉलचे मालक महादेवशेठ वरचा मजला शनिवार-रविवार द्यायला तयार होते, पण त्यांची एक अट होती.

"आमाला नाटकातला काय कळतं?" ते निनादला म्हणाले होते. "पुन्याचा जानकार माज्यासमोर बोलू दे, का ह्यो मानूस खरा कलाकार हाय. मंग चावी तुमची. नाय त उद्या जिमवाला जागा घ्यायला येतंय."

निनादनं दार लोटून घेतलं. "रिसबूडांना इथे कुणी पाहिलेलं नाही. शेठनी तुम्हालाही पाहिलेलं नाही. बॅनरवरचा तुमचा फोटो ऐन तिशीतला, तोही फेट्यामिशांचा. आणि बाहेर तुमच्या नाटकांचं प्रदर्शन आहे, त्यात मांडायला तुम्ही रंगभूषेची पेटी आणलीच आहे."

"म्हणजे मी रिसबूड होऊन माझीच स्तुती करू? लाज वाटेल रे!"

"दहा मिनिटं, सर. चार चांगले शब्द बोला आणि खाली बसा. सत्कारमूर्तींना ताप आलाय असं सांगतो. तुमच्यातर्फे काकू सत्कार घेतील."

कोपऱ्यात बसलेल्या शोभाताई दचकल्या. "मी? अरे, एकतीस वर्षं झाली लग्नाला, मी कधी विंगेतसुद्धा उभी राहिलेली नाही!"

तरी दाढी त्यांनीच चिकटवली. "हलू नका," डिंकाचा ब्रश फिरवत त्या म्हणाल्या. "आणि बोलताना हात खिशात घालू नका. लगेच ओळखतील."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण चारुदत्तराव नुसती दाढी लावून उभे राहणारे नट नव्हते. भूमिकेत शिरल्याशिवाय त्यांच्या तोंडून ओळ निघत नसे. आणि रिसबूड म्हणजे आयुष्यात कुणाची सरळ स्तुती न केलेला माणूस.

पहिली दोन मिनिटं बरी गेली. चारुदत्त हे पनवेलचं भूषण वगैरे बोलून झालं. मग चष्मा नाकावर घसरला, मान तिरकी झाली आणि रिसबूड म्हणाले, "परंतु..."

निनाद विंगेच्या कडेला आला.

"परंतु खरं बोललं पाहिजे. या नटाला हात कुठे ठेवावेत हे पस्तीस वर्षांत कळलेलं नाही. म्हणून राजा असो वा भिकारी, याचे हात खिशात! दिग्दर्शक म्हणावं, तर याच्या नाटकात सगळे याच्यासारखेच बोलतात. आजी आणि नात एकाच सुरात! आणि नेपथ्य? उरणच्या स्पर्धेत याचं दार नायिकेच्या अंगावर पडलं. प्रेक्षकांना ते नाटकातलं सर्वांत परिणामकारक दृश्य वाटलं."

हॉल खदखदून हसला. हशा कानावर पडला की कुठला नट थांबतो? निनाद विंगेतून हातवारे करत होता. पण चारुदत्तराव बोलतच गेले, आणि बोलता बोलता अचानक त्यांचा आवाज खाली आला.

"माणूस पस्तीस वर्षं नाटकाला देतो, तेव्हा ती कुणाच्या तरी वाट्याची काढून देतो. त्याची किंमत घरच्यांना विचारा."

हे रिसबूड बोलत नव्हते. ते कळताच चारुदत्तराव खुर्चीत जाऊन बसले.

पहिल्या रांगेतून महादेवशेठांचा आवाज आला, "मंग ह्याचा सत्कार कशाला करता तुमी?"

निनाद घाईघाईनं शाल घेऊन पुढे आला. शोभाताईंनी ती त्याच्या हातातच राहू दिली आणि माइक घेतला.

"रिसबूडसाहेब, दार पडलं हे खरं. पण का पडलं ते विचारलंत? सुताराची बायको दवाखान्यात होती. यांनी त्याला तिच्याकडे पाठवलं आणि रजा टाकून स्वतः खिळे ठोकले. आता यांना खिळा ठोकता येत नाही, त्याला काय करणार? आमच्या घरात एक कॅलेंडर सरळ नाही."

लोक हसले. शोभाताई हसल्या नाहीत.

"सगळे यांच्यासारखे बोलतात म्हणालात. त्यातला एक अडखळत बोलायचा. यांनी त्याला वर्षभर एकेक वाक्य घोटवलं. आज तो कोर्टात वकिली करतो. आणि घरच्यांना विचारा म्हणालात ना? विचारलंय कुणी कधी? मी प्रत्येक प्रयोगाला शेवटच्या रांगेत बसते. तिथपर्यंत यांचा शब्द न् शब्द ऐकू येतो. ते माझ्यासाठीच तेवढ्या मोठ्यानं बोलतात, असं मी धरून चालले आहे."

टाळ्या थांबेनात. रिसबूडांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते गालावरून दाढीत उतरलं आणि डिंक सुटू लागला. त्यांनी हनुवटी मुठीत धरली. पाहुणे विचारात पडलेत, असं लोकांना वाटलं.

महादेवशेठ स्वतः स्टेजवर चढले. "पुन्याचा सायेब मोठा आसंल. पन एकतीस वरसांनी बायको नवऱ्याबद्दल असा बोलतंय, त त्यो मानूस खोटा नाय." त्यांनी चावी शोभाताईंच्या हातात ठेवली. "ताई, ही तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. जिमवाल्याला मी बघतो." मग रिसबूडांकडे वळून म्हणाले, "सायेब, जेवून जावा. पन जरा गोडानं बोलत जावा."

रिसबूडांनी एका हातानं दाढी धरून दुसऱ्या हातानं मसालेभात खाल्ला.

परतताना करंजाड्याच्या सिग्नलपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. दाढी अजून तशीच होती. हॉलवर लोकांसमोर काढायची सोय नव्हती.

"अगं," चारुदत्तराव स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "ते शेवटच्या रांगेचं... खरं होतं?"

"तुमच्या रिसबूडांचं खरं होतं का? घरच्यांना विचारा म्हणालात ते?"

"ते... भूमिकेत बोलून गेलो."

"मग मीही भूमिकेतच होते."

सिग्नलचे सत्तर सेकंद बाकी होते. चारुदत्तराव आकडे बघत राहिले. शोभाताईंनी त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला, दाढीचं सुटलेलं टोक चिमटीत पकडलं आणि एका झटक्यात खेचलं.

"आई गं!"

"हं," दाढी पर्समध्ये टाकत त्या म्हणाल्या, "आता विचारा. मघापासून त्या माणसाशी बोलायची इच्छाच होत नव्हती मला."